फिलॉसॉफी फुकटात कुठून शिकायची? तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो

मी नागपूरच्या वाडीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत अकाउंट्स बघतो, म्हणजे दिवसभर बिल्टी, डिझेलची बिलं, ड्रायव्हर लोकांचे अॅडव्हान्स, आणि तरी लोक मलाच विचारतात की भाऊ, फिलॉसॉफी शिकायची आहे, ऑनलाइन फुकटात काही आहे का. यूपीएससीवाले पोट्टे विचारतात, नुकतेच रिटायर झालेले काका विचारतात, एकदा तर आमच्याकडे टायर घेऊन येतो त्या माणसानंही विचारलं. प्रत्येकाला व्हॉट्सअॅपवर तुकड्यातुकड्यानं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकतो.

फुकट मिळतं का, तर हो, भरपूर मिळतं, आणि चांगलं मिळतं. मटेरियलची अडचण कधीच नव्हती. लिंका सेव्ह करून ठेवणारे चिक्कार माहीत आहेत मला, त्यातली एकही उघडत नाहीत. माझं म्हणणं असं आहे की फिलॉसॉफी नुसती ऐकून-वाचून येत नाही, ती कोणाशी तरी वाद घालून येते, आणि वाद घालायचा तर आधी स्वतःला छळणारा एक प्रश्न पाहिजे. म्हणून लिंक देण्याआधी मी विचारतो, बाबा तुला नेमकं कशानं घेरलंय? देव आहे का हे? मेल्यावर पुढं काय? का आपण जे ठरवतो ते खरंच आपणच ठरवतो का? एक धरा. 'सॉक्रेटिसपासून सुरू करतो आणि ओळीनं आजपर्यंत येतो' म्हणणारे प्लेटोच्या पुढं गेलेले मी तरी पाहिले नाहीत.

ज्याला काहीच सुचत नाही त्याला मी मायकेल सँडेल या प्राध्यापकाचा 'जस्टिस' लावून देतो. हार्वर्डमधला गाजलेला कोर्स, २००९ मध्ये त्यांनी तो सगळ्यांसाठी खुला केला, १२ भाग आहेत, यूट्यूबवर पडलेले आहेत. पहिल्या भागात तो ट्रॉलीचा प्रश्न टाकतो. ट्रॉलीचे ब्रेक फेल, समोर रुळावर पाच मजूर, बाजूच्या रुळावर एक. वळवली तर एक मरतो, नाही वळवली तर पाच. काय करणार? हॉलमधले बहुतेक हात वळवण्याच्या बाजूनं वर जातात. मग तो म्हणतो, आता तुम्ही ड्रायव्हर नाही, पुलावर उभे आहात, शेजारी एक जाडा माणूस वाकून पाहून राहिला, त्याला ढकललं तर ट्रॉली थांबते आणि पाच वाचतात. ढकलता का? आता हात खाली. हिशोब तर तोच आहे नं, एकाच्या बदल्यात पाच, मग आत्ता काय बदललं?

हे मी आमच्या ऑफिसच्या मागच्या टपरीवर ड्रायव्हर लोकांना विचारून पाहिलं. पहिला म्हणाला, "हॉर्न काहून नाही वाजवत बे तो?" ठीक आहे, हॉर्नही बंद. मग एक जुने ड्रायव्हर, तीस-एक वर्षं गाडी चालवलेले, चहा खाली ठेवून म्हणाले, "मी नाही वळवली तर ब्रेकनं मारलं. मी वळवली तर मी मारलं." संपलं! आपण मारणं आणि मरू देणं यात फरक आहे का, असला तर किती, यावर मोठमोठी माणसं अजून भांडून राहिली आहेत. हा ट्रॉलीचा प्रश्न फिलिपा फूट नावाच्या ब्रिटिश बाईंनी १९६७ मध्ये एका लेखात मांडला, तो लेख मुळात गर्भपाताबद्दलचा होता. पुलावरचा जाडा माणूस नंतर ज्युडिथ जार्विस थॉमसननं आणला. २०२० मध्ये फिलॉसॉफीच्या व्यावसायिक मंडळींचा सर्व्हे झाला, तो फिलपेपर्स या साइटवर फुकट पाहता येतो, त्यातही निम्म्याहून जास्त म्हणतात ट्रॉली वळवा, आणि माणूस ढकला म्हणणारे पाचात एखादाच. म्हणजे टपरी आणि प्रोफेसर एकाच जागी अडकलेत, फक्त प्रोफेसरांकडे फूटनोट्स आहेत.

इथून पुढचं पाऊल म्हणजे स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी. १९९५ पासून चालू आहे, एडवर्ड झाल्टा यांनी सुरू केला, प्रत्येक लेख त्या विषयातल्या माणसानं लिहिलेला, दुसऱ्या जाणकारांनी तपासलेला, आणि वेळोवेळी सुधारलेला. एक पैसा लागत नाही. पण लोक तो उघडतात, लांबी पाहतात आणि बंद करतात. अहो, वरून खालपर्यंत वाचायचाच नाही तो. पहिला पॅरा वाचा, मग अनुक्रमणिका बघा, तिच्यात आक्षेप किंवा टीका अशा नावाचा भाग शोधा आणि डायरेक्ट तिथं जा. कोण कोणाशी कशावरून भांडून राहिलं हे कळलं की वरचा भाग आपोआप वाचावासा वाटतो. तरी जड गेलं तर इंटरनेट एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी आहे, तोही १९९५ चाच, भाषा बरीच सोपी. आणि ज्याला तेवढाही दम नाही त्याच्यासाठी वन थाउजंड वर्ड फिलॉसॉफी, नावाप्रमाणं हजार शब्दांत एक विषय.

वादाचा फायदा काय ते सांगतो. स्टॅनफर्डवर 'डबल इफेक्ट' म्हणून लेख आहे. म्हणजे असं की एखादं वाईट मुद्दाम घडवणं वेगळं, आणि चांगलं करताना ते वाईट होईल हे माहीत असून होऊ देणं वेगळं. याचं मूळ तेराव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत थॉमस अॅक्वायनस याच्या स्वसंरक्षणावरच्या विवेचनात दाखवतात. नेहमीचं उदाहरण मॉर्फिनचं, डॉक्टर वेदना कमी करायला डोस वाढवतो, त्यानं मरण लवकर येईल हे त्याला माहीत असतं पण हेतू तो नसतो. मी हे मोठ्या थाटात आमच्या वहिनीला सांगितलं, ती नर्स आहे, कॅन्सरच्या वॉर्डात काम केलेलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "भाऊजी, नीट डोस दिला तर मॉर्फिननं माणूस लवकर जात नाही, हे तुमच्या पुस्तकवाल्यांना कोणी सांगितलं?" मी परत लेख उघडला तर पुढं तोच मुद्दा, की हे उदाहरण ज्या समजुतीवर उभं आहे ती समजूतच चुकीची आहे असं जाणकार म्हणतात. एकट्यानं वाचलं असतं तर त्या ओळीवरून मी सरळ पुढं गेलो असतो.

बसमध्ये ऐकायला पॉडकास्ट. पीटर अॅडमसनचा 'हिस्टरी ऑफ फिलॉसॉफी विदाउट एनी गॅप्स' २०१० पासून चालू आहे, एक भाग साधारण वीसेक मिनिटांचा, म्हणजे आपली बस वाडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली तर दोन आरामात होतात. मध्ये कुठं खड्डा ठेवायचा नाही असा त्याचा हट्ट, त्यामुळं कधी नाव न ऐकलेली माणसंही येतात, आणि जोनार्डन गनेरी यांना सोबत घेऊन त्यानं भारतीय दर्शनांवर आख्खी मालिका केली आहे. जोक्स फार पांचट आहेत त्याचे, सहन करा. 'फिलॉसॉफी बाइट्स' २००७ पासूनचा, छोट्या मुलाखती, तोही चांगला.

आता एक प्रश्न घेऊन कसं फिरायचं ते दाखवतो, आणि हे नागपुरात बसून सगळ्यात सोपं आहे. बाबासाहेबांचं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' इथं किती घरांत आहे, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलसमोर उभं राहायला जागा मिळत नाही. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर आला. महाराष्ट्र सरकारनं काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या खंडांत तो अकरावा आहे आणि हे खंड पीडीएफमध्ये फुकट मिळतात. त्याची प्रस्तावना वाचा. बाबासाहेब तिथं चार अडचणी मांडतात, त्यातली एक अशी की बुद्धानं आत्मा नाकारला, पण कर्म आणि पुनर्जन्म मानला असं म्हणतात, मग आत्माच नाही तर पुनर्जन्म होतो तो कशाचा? आपल्याच धर्माच्या ग्रंथाची सुरुवात असे प्रश्न विचारून करणारा माणूस! अनेक जण ती पानं उलटून पुढं जातात.

हा प्रश्न घ्या आणि सुत्तसेंट्रल नावाच्या साइटवर जा, तिथं पाली ग्रंथ आणि त्यांची भाषांतरं फुकट आहेत. मिलिंदपञ्हात राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन विचारतो, राजा तू रथानं आलास, मग रथ म्हणजे काय, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ कुठंय? तसाच मग 'मी' कुठंय? तिथून उडी मारा डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञावर, १७३९ चा ग्रंथ, तो म्हणतो मी स्वतःच्या आत डोकावलो की मला कुठली तरी संवेदना सापडते, थंडी, उजेड, राग, पण 'मी' काही सापडत नाही. ह्यूमची इंग्रजी जुनी आहे, डोकं धरायला लावते, म्हणून अर्ली मॉडर्न टेक्स्ट्स ही साइट वापरा. जोनाथन बेनेट या प्राध्यापकानं देकार्त, लॉक, ह्यूम, कांट यांचे ग्रंथ आजच्या सोप्या इंग्रजीत मांडून तिथं ठेवलेत. आणि मग शेवटी अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा शेली केगन, 'डेथ' नावाचा त्याचा कोर्स ओपन येल कोर्सेसवर आहे, २००७ मधला. टेबलावर मांडी घालून बसतो आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो की मी काही आत्मा मानत नाही, आता माझ्या बाजूनं आणि विरुद्ध काय काय आहे ते बघू. दीक्षाभूमीवरून निघून येलपर्यंत, एकच प्रश्न, खर्च फक्त डेटाचा.

मराठीत काय आहे, हे दर वेळी विचारतात. खरं सांगायचं तर कमी आहे, पण जे आहे ते दमदार आहे. मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, त्यातल्या तत्त्वज्ञानाच्या नोंदी बघा. वाडेकरांनी संपादित केलेला तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान महाकोश १९७४ चा, मोठ्या लायब्ररीत विचारा. आणि आपल्या नागपूरचं म्हणाल तर 'आजचा सुधारक'. दि. य. देशपांडे, आयुष्यभर फिलॉसॉफी शिकवलेला माणूस, त्यांनी १९९० मध्ये हे मासिक इथून सुरू केलं, जुने अंक नेटवर वाचता येतात. त्यातली विवेकवादावरची त्यांची लेखमाला काढा. भाषा कोरडी आहे, पण एक वाक्य दुसऱ्या वाक्यातून कसं निघतं ते हातात येतं, आणि मराठीत असं लिहिता येतं हे पाहूनच बरं वाटतं.

यूपीएससीची ऑप्शनल फिलॉसॉफी घेतलेल्यांनो, तुमचं वेगळं आहे. तुम्हाला सिलॅबस संपवायचाय, तर इग्नूचं ई-ज्ञानकोश उघडा, एमएचं पूर्ण स्टडी मटेरियल तिथं आहे. एमएच्याच पातळीची ई-पीजी पाठशाला आहे. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्रोफेसरांची लेक्चर्स आहेत, ऐकायला फुकट, परीक्षा देऊन सर्टिफिकेट पाहिजे असेल तर फी. आणि उत्तरं लिहायची प्रॅक्टिस करण्याआधी जिम प्रायर या फिलॉसॉफीच्या प्राध्यापकाची फिलॉसॉफीचा पेपर कसा लिहावा यावरची टिपणं वाचा, नेटवर आहेत. तो म्हणतो वाचणारा आळशी, मंद आणि खडूस आहे असं धरून लिहा. तुमचे पेपर तपासणाऱ्याबद्दल मी काही बोलत नाही. तर्कशास्त्र कच्चं असेल तर 'फॉर ऑल एक्स' हे पाठ्यपुस्तक आहे, फुकट, रीतसर लायसन्स देऊन वाटलेलं, चोरीची पीडीएफ नाही.

कशापासून लांब राहायचं तेही सांगतो. पुतळ्याचा फोटो, मागं ढोल, आणि जड आवाजात 'स्टोइक लोक कधीच हे सांगत नाहीत', असले व्हिडिओ. मार्कस ऑरेलियस, म्हणजे स्टोइक पंथाचा रोमन सम्राट, त्याच्या नावानं त्यात जे खपवतात ते त्यानं कुठं लिहिलंय हे विचारा, उत्तर मिळत नाही. एआयवाल्या चॅटबॉटचंही तेच, समजावून सांगायला बरा आहे, पण प्लेटोचं अवतरण मागितलं तर कधी कधी छातीठोकपणे स्वतःच बनवून देतो, म्हणून मूळ जागा उघडून पाहिल्याशिवाय पुढं पाठवू नका. आणि शॉर्ट्स तर सोडाच, ट्रॉलीचा प्रश्न चाळीस सेकंदांत सांगता येतो पण त्या ड्रायव्हरचं उत्तर यायला चहा अर्धा व्हावा लागतो.

रिटायर झालेल्या काकांनी वय, इंग्रजी वगैरे चिंता करू नये, सबटायटल लावा, मागंपुढं करा, कोणी घाई करून नाही राहिलं. 'जस्टिस'चा पहिला भाग पाऊण तासाच्या वर आहे, एका बैठकीत होतो, दुसऱ्या अर्ध्यात १८८४ ची खरी इंग्लिश केस आहे, जहाज बुडालं, होडीत चार जण, खायला काही नाही, आणि मग त्यांनी केबिन बॉयचं, म्हणजे जहाजावरच्या पोऱ्याचं, काय केलं ते. घरातल्या कोणालातरी शेजारी बसवून बघा. बघून झालं की मला मेसेज करा, पण नुसतं 'मस्त होतं' असं नको, त्या खलाशांना शिक्षा व्हायला पाहिजे होती का नव्हती, आणि का, ते लिहा. पुढची लिंक मी त्यावरूनच पाठवतो.