आमची वाटचाल : चाकाला वजन कसं लागलं

अण्णांनी 1994 साली लातूरला औसा रोडवर गॅरेजसाठी पत्र्याचं शेड टाकलं, तेव्हा किल्लारी भागात भूकंपानंतरची गावं नव्याने बांधली जात होती. वाळू, खडी, विटा ओढून ओढून ट्रॅक्टर खिळखिळे व्हायचे आणि आमच्याकडे यायचे. क्लच प्लेट, ब्रेक, पंप. त्या दोन-तीन वर्षांत गॅरेज उभं राहिलं आणि पुढे वीसेक वर्षं तेच काम चाललं. मी बारावीनंतर शेडमध्ये आलो, अण्णांची नजर कमी झाली तसा पाना माझ्या हातात आला. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

जुने ट्रॅक्टर पूर्ववत करून देण्याचा धंदा आम्ही काही ठरवून सुरू केला नाही. 2015 चा पावसाळा नुसता नावाला होता. रानात पीक नाही म्हटल्यावर ट्रॅक्टर कोण दुरुस्त करणार? त्याच दिवसांत शेजारच्या गावच्या एका आबांनी गोठ्यामागे पडलेला मॅसी फर्ग्युसन 35 ओढून आणला. मद्रासच्या कारखान्यातला, त्यांच्या वडिलांनी घेतलेला. इंजिन जाम, सीटच्या जागी पोतं, मडगार्डखाली कोंबडीची अंडी. आबा म्हणाले, "पैशाचं सावकाश बघू, पर ह्यो दसऱ्याला दारात चालत आला पायजे."

आला. लायनर-पिस्टन नवे, पत्रा ठोकून सरळ, दोन हात प्रायमर, तीन हात लाल रंग. आबांनी हार घालून तो गावभर फिरवला. फोटो मोबाईलवर फिरले आणि आमची कॉलर ताठ झाली.

माघात नांगरटीच्या वेळी आबांचा फोन आला. "अरे, चाक जाग्यावर फिरतंय. ह्याला हार घालून देव्हाऱ्यात ठिवू का?"

जाऊन बघितलं तर जमीन काळी, पाण्याविना दगड झालेली. मागे जड दोन फाळी नांगर. नांगर मातीत गेला की मागची चाकं ढेकळं दळत जागेवर घुमायची. मी टायरवर खडूने रेघ ओढली आणि चाकाच्या दहा फेऱ्या मोजल्या. मोकळा चालताना ट्रॅक्टर 39 मीटर गेला, नांगर लावून 28. म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त चाल वाया. शेतात दहा ते पंधरा टक्के घसरण चालते, थोडी तर हवीच. यापुढे गेली की डिझेल आणि टायर दोन्ही मातीत जातात.

हा ट्रॅक्टर मुळात हलका, दीड टनाच्या आतला. ह्या ट्रॅक्टरला ज्याचं नाव आहे त्या हॅरी फर्ग्युसनची युक्तीच ती होती: लोखंड वाढवायचं नाही, नांगर उचलणाऱ्या लिफ्टच्या जोरावर नांगराचा भार मागच्या चाकांवर घ्यायचा. पण आबांचा नांगर मोठ्या ट्रॅक्टरचा, आणि आमची काळी जमीन कुणाची युक्ती ऐकत नाही. अशा कामासाठी मागच्या चाकांना लोखंडी वजनं बसवायची सोय असते. आबांची वजनं कधीच भंगारात गेलेली. आणि चाकाच्या डिस्कवरची त्यांची भोकं? ती आम्हीच लांबी (पुट्टी) भरून बुजवली होती, रंग सफाईदार दिसावा म्हणून! त्या दिवशी मी आबांना हे सांगितलं नाही. नंतर सांगितलं.

सोपा उपाय म्हणजे टायरमध्ये पाणी. व्हॉल्व वर करून तीन चतुर्थांश भरायचं, बाकी हवा. 12.4-28 मापाच्या टायरला दीडशे लिटर बसतं, म्हणजे चाकामागे दीड क्विंटल, खर्च जवळपास शून्य. पण साल होतं 2016. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला 10 वाघिणी, पाच लाख लिटर. आबांच्या गावात टँकरभोवती हंडे लागलेले. तिथं दोन टायरांत तीनशे लिटर ओता असं सांगायला तोंड कुठून आणायचं? त्यात व्हॉल्वपाशी जरा झिरपलं की जुनी रिम आतून गंजते, तेही आहेच.

मग आम्ही शहाणपणा केला. पत्र्याचे साचे करून काँक्रीटची वजनं ओतली. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, काँक्रीटच्या तिप्पट जड असतं, त्यामुळे तेवढ्याच वजनाला आमचे ठोकळे तिप्पट जाड झाले आणि चाकाबाहेर सुटलेल्या पोटासारखे दिसायला लागले. तिसऱ्या दिवशी बांधाला घासून एक तडकला.

शेवटी बिडाकडे वळलो. (अंबाजोगाईच्या एका गिऱ्हाइकानं हे ऐकून विचारलं, "बीडला कुठल्या दुकानात मिळतात?") उदगीरहून एक मूळ वजन उसनं आणलं, सुताराकडून मापाला माप असा लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, करून घेतला आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीला पाठवला. फाउंड्रीवाल्यानं फोनवर विचारलं, "आकसण्याचं माप धरलंय ना?" मला प्रश्न कळला नव्हता, पण "हो" म्हणालो. बीड थंड होताना मीटरला साधारण एक सेंटिमीटर आकसतं. चाळीस सेंटिमीटर अंतरावरची आमची समोरासमोरची भोकं चार मिलिमीटर जवळ आली. चारही वजनं बाद. चूक संपूर्ण माझी. ती आता गॅरेजसमोर चहा प्यायला बसायच्या कामाची आहेत.

दुसरी खेप बरोबर आली. एकेक वजन 45 किलोचं, आबा त्याला तवा म्हणतात. बसवताना कळलं की खरी मेख रंगात आहे. डिस्कवर प्रायमर आणि रंगाचा जाड थर, शिवाय लांबी. त्यावर वजन कसलं की थर दबतो, बोल्ट ढिले पडतात आणि तवा खडखडायला लागतो. म्हणून आता वजन टेकतं तेवढा चेहरा आम्ही खरवडून लोखंडापर्यंत नेतो, पातळ प्रायमर मारतो, बस. गिऱ्हाईक हळहळतं, हळहळू दे.

दुसरी मेख आट्यांची. ह्या ट्रॅक्टरला आम्ही पाच सुती (5/8 इंची) बोल्ट लावतो. एका पोरानं 16 मिलिमीटरचा लावला. दिसायला सारखाच, दोन आटे गेलाही, मग अडकला. त्यानं पाइप लावून फिरवला आणि आटे गेले.

आता पद्धत ठरली आहे. सपाट जागा, पुढच्या चाकांना दगड. वरच्या दोन भोकांत बिनडोक्याच्या लांब कांबी घालायच्या, दोघांनी तवा उचलून कांबींवर सरकवायचा, मग खालचे बोल्ट. तवा टेकेपर्यंत बोट मध्ये घालायचं नाही. माझ्या अंगठ्याचं नख तिथंच गेलंय. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं कसायचे आणि तासभर चालवून पुन्हा कसायचे. आबांच्या ट्रॅक्टरला दोन्हीकडे तीन-तीन तवे बसवले, दुसरा पहिल्यावर, तिसरा दुसऱ्यावर. पुन्हा खडू, पुन्हा दहा फेऱ्या: 34 मीटर. आबांनी खिशातून सुपारी काढून दिली.

ह्याच तव्यांनी आमचं नाव झालं, रंगानं नाही. आज आम्ही चौघं आहोत आणि वजनं मागायला नव्या ट्रॅक्टरवालेही येतात. निम्म्यांना परत पाठवतो. उसाच्या ट्रॉलीला तोंड उचलतंय म्हणून मागच्या चाकाला वजन मागणारे बरेच; त्याला औषध पुढच्या बंपरला वजन, नाहीतर ट्रॉलीत माल कमी. रोटाव्हेटरला तवे काढा म्हणतो, नुसती जमीन दाबून कशाला ठेवायची? आणि चौथा तवा मागणाऱ्याला मी नाहीच म्हणतो. चाक घसरतं तोवर क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या आसातले गिअर, शाबूत असतं. चाक अजिबात हललं नाही की सगळा झटका गिअरवर.

सध्या कांदिवलीत बनलेला एक बी-275 ट्रॅक्टर शेडमध्ये आहे, 1963 साली महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर काढलेल्या कंपनीचा. त्याच्या तव्याचा पॅटर्न सुताराकडे गेलाय. ह्या वेळी माप मी घेतलेलं नाही. कोल्हापूरहून आकसण्याची पट्टी, म्हणजे आकसणं धरूनच आखलेली मोजपट्टी, मागवली आणि सरळ त्याच्याच हातात दिली.