वेग नेमका येतो कधी?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, कारण घरी, ट्रेनमध्ये, सेमिनारनंतर चहाला, सगळीकडे हेच विचारतात: सोन्याची दोन अणुकेंद्रकं समोरासमोर आदळतात, मग कण आडवे, म्हणजे बीमला काटकोनात, एवढ्या जोरात का पळतात, ढकलतं कोण? पाठ झालेलं उत्तर आहेच, मध्ये दाब जास्त, बाहेर निर्वात. पण दाब म्हणण्याएवढा समतोल येण्याआधीचं काय?

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या कोडमध्ये हायड्रो, म्हणजे टकरीतलं द्रव्य द्रवासारखं वाहतं असं मानणारं गणित, 1 फर्मी/सी ला (प्रकाशाला 10⁻¹⁵ मीटर जायला लागणारा वेळ) सुरू व्हायचं, म्हणजे टकरीनंतर साधारण 3.3 × 10⁻²⁴ सेकंदांनी, आणि त्या क्षणी आडवा वेग सगळीकडे शून्य. टॉकमध्ये मागच्या रांगेतल्या एक मॅडम म्हणाल्या, "तोपर्यंत कण काय थांबून होते का?" मी म्हटलं, समतोल नाही, म्हणून दाब नाही, म्हणून वेग नाही. त्या म्हणाल्या, "पण हलत तर असतील ना." हॉल गप्प, आणि मी काही न बोलता पुढची स्लाइड लावली, हात थरथरत होता. रिकच्या (RHIC, अमेरिकेतला अणुकेंद्रकं आदळवणारा कोलायडर) डेटात आउट आणि साइड त्रिज्यांचं, म्हणजे कण जिथून सुटतात त्या भागाच्या कणांच्या दिशेने आणि तिला काटकोनात मोजलेल्या मापांचं, गुणोत्तर जवळपास 1, माझं कितीतरी मोठं, आणि मी आठ महिने फ्रीझ-आउटचं (कण एकमेकांवर आदळायचे थांबून सुटे होतात तेव्हाचं) तापमान खालीवर करत बसलो होतो. कित्येक जण शून्यच टाकायचे हो, मी एकटा नव्हतो! तरी झोप लागली नाही.

2009 मध्ये व्रेडेवूग्ड आणि प्रॅट या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं की काही अटी पाळल्या तर सुरुवातीचा आडवा प्रवाह तेवढाच येतो, आत द्रव असो, फील्ड (बलक्षेत्र) असो की एकमेकांना न शिवणारे कण. आडवा दाब कमी असला तर ऊर्जाही बीमच्या दिशेने पसरताना लवकर खर्च होते, म्हणून ऊर्जेमागे आडवा संवेग तोच. जत्रा सुटल्यावर कोणी कोणाला ढकलत नाही, वाट्टेल त्या दिशेने चालतात, तरी थोड्या वेळाने कडेला दिसणारा प्रत्येक जण बाहेरच निघालेला असतो.

पण तेव्हाचा मी अजून भांडतो: न आदळणारे कण एकूण संवेगाचं वाटप बदलत नाहीत, एलिप्टिक फ्लो (एका आडव्या दिशेला दुसरीपेक्षा जास्त प्रवाह) त्यातून येत नाही, मग हा कसला प्रवाह? बरोबर आहे त्याचं. पण हायड्रो सुरू होताना कडेला तो संवेग असतोच, शून्य टाकला की आपण तो फेकून देतो. आता मी टाकत नाही, गुणोत्तर उतरतं, पण एकट्याने नाही, जास्त ताठ अवस्था-समीकरण (त्याच ऊर्जेला जास्त दाब देणारं) आणि श्यानता (द्रवाचा चिकटपणा) सोबत लागतातच.

त्या मॅडमना आज एवढंच सांगेन की हलत होते. एकमेकांना ढकलत होते का, ते मला अजून सांगता येत नाही.