अंगणातली पाटी आणि तिसरा वाटा

गोव्यात सावईवेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेले ते घर विकण्यासाठी माझ्यासारख्या एजंटाकडे आले तेव्हा दोन्ही भावांची पहिली अट एकच होती: अंगणात ‘विकणे आहे’ची पाटी लावायची नाही. थोरले मुंबईत स्थायिक झालेले, धाकटे फोंड्यात. आई गेल्यावर घराचा गणपती धाकट्यांच्या फ्लॅटमध्ये नेण्यात आला आणि चिऱ्यांच्या भिंती, मधले राजांगण, म्हणजे उघडा चौक, आणि मागचे सुपारीचे कुळागर असलेले हे घर कुलूप लावून बंद झाले. राजांगणाच्या एका कोपऱ्यात कौले सरकून तुळई ओली झाली होती. आणखी दोन पावसाळे असेच गेले असते तर घर विकायचे न राहता नुसती जागा विकायची राहिली असती, हे दोघांनाही दिसत होते.

पाटी नको म्हणणारे मालक आमच्या अंत्रुजात, म्हणजे फोंडा भागात, नेहमी भेटतात. गावात बोभाटा होईल, देवळात लोक विचारतील, वडिलांचे घर विकायची वेळ आली असे म्हणतील, ही त्यांची भीती खरी असते आणि मी तिची कधीही चेष्टा करत नाही. मात्र माझ्या व्यवसायातले लोक पाटी टाळतात ते निराळ्या कारणाने. रस्त्यावरून जाणाऱ्या दुसऱ्या एजंटाला घर कळू नये, त्याने मालकाला परस्पर गाठू नये, म्हणून सगळा कारभार व्हॉट्सअॅपवरच्या फोटोंवर चालतो आणि त्या फोटोंत घराचा दर्शनी भागसुद्धा मुद्दाम दाखवला जात नाही. घर विकणे आहे ही गोष्ट शेजाऱ्याला माहीत नाही, पण दिल्लीतल्या गिऱ्हाइकाला माहीत आहे, अशी स्थिती गोव्यात आज सर्रास दिसते आणि मला ती मुळीच मान्य नाही.

पाटी हा माझ्या कामाचा मी मन लावून करतो असा भाग आहे. फ्लेक्स मी वापरत नाही. जूनमधल्या पहिल्या वाऱ्यात तो फाटतो आणि फाटलेली पाटी घराची किंमत उतरवते. मी जस्ताचा पत्रा लोखंडी चौकटीवर बसवून फोंड्यातल्या एका जुन्या पेंटरकडून हाताने रंगवून घेतो. पिवळी जमीन, काळी अक्षरे, देवनागरी वर आणि रोमन खाली. अक्षराच्या उंचीचा ढोबळ हिशोब असा की दर 10 फूट अंतरामागे 1 इंच धरावा. म्हणजे 60 फुटांवरून स्कूटरस्वाराला वाचता यावे असे वाटत असेल तर 6 इंचांचे अक्षर लागते आणि तेवढ्या अक्षरांत तीन ओळींपेक्षा जास्त मजकूर बसत नाही. पाटी रस्त्याला समांतर लावली तर ती फक्त समोरच्या घराला दिसते. म्हणून ती रस्त्याशी काटकोनात उभी करून दोन्ही बाजूंनी रंगवावी लागते. ती झाडाला खिळे मारून लावायची नसते, सार्वजनिक बांधकाम खात्याच्या हद्दीत रोवायची नसते, आणि चिऱ्याच्या कुंपणाला तर मुळीच ठोकायची नसते, कारण जुना चिरा खिळ्याने फुटतो. फाटकाच्या आत, मालकाच्या जमिनीत, खड्डा खणून काँक्रीटमध्ये दोन खांब बसवायचे आणि त्याआधी मालकाची लेखी संमती घ्यायची.

पहिल्या ओळीत ‘घर विकणे आहे’, दुसऱ्या ओळीत फोन नंबर आणि तिसऱ्या ओळीत सर्व्हे नंबर व पोटविभाग. ही तिसरी ओळ इतर कोणी लिहीत नाही. मी ती लिहितो, कारण गोव्यात सर्व्हे नंबर हाती असला की एक-चौदाचा उतारा, म्हणजे इथला सातबारा, कोणालाही मोबाईलवर पाहता येतो आणि त्यावर कोणाची नावे आहेत, कोणाची नाहीत, हे क्षणात कळते.

भाऊ अखेर तयार झाले ते फोटो पाठवून गिऱ्हाईक येत नव्हते म्हणून. पाटी श्रावणात उभी राहिली. चतुर्थी होऊन जाऊ द्या, असे धाकटे म्हणत होते. मी मात्र चतुर्थीच्या आधीच हवी असे सांगितले. चतुर्थीला मुंबई, पुणे, बेळगाव, कारवार इथून माणसे गावी येतात, एकमेकांच्या घरी गणपती पाहायला जातात, आणि जी वाट वर्षभर कोणी तुडवत नाही तिच्यावरून गावाशी नाते असलेला प्रत्येक जण एकदा तरी जातो.

दरम्यान एक निवृत्त जोडपे घर पाहून गेले, त्यांना ते मनापासून आवडले आणि बयाण्याची बोलणी सुरू झाली. कागदांत काही खोट दिसत नव्हती. एक-चौदाच्या उताऱ्यावर दोघा भावांची नावे, सब-रजिस्ट्रारकडून बोजा नसल्याचा दाखला, आणि वकिलाने वर्तमानपत्रात दिलेल्या जाहीर नोटिशीची मुदत एकही हरकत न येता संपलेली. बहीण आहे का, असे मी विचारले होते. एक होती, लग्न होऊन डिचोलीला गेली, तिने सगळे सोडून दिले आहे, असे उत्तर मिळाले. सोडल्याचा दस्त मागितला तेव्हा तो शोधून देतो असे थोरले म्हणाले.

पंचमीच्या दिवशी एका तरुणाचा फोन आला. पाटीवरचा सर्व्हे नंबर टाकून त्याने उतारा पाहिला होता आणि त्याच्या आजीला माझ्याशी बोलायचे होते. मी तिथे पोहोचलो तेव्हा आजी फाटकाबाहेर उभ्या होत्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी, आणि नजर पाटीवर नव्हे, तर सरकलेल्या कौलांवर.

“ही पाटी तू लावलीस, बाबा?” त्यांनी विचारले.

“होय आजी, मीच लावली.”

“मग तुला सांगितलं काय त्यांनी? मी मेले म्हणून?”

“नाही आजी. तुम्ही हक्क सोडलात, असं सांगितलं.”

“कोणाकडे सोडला? कुठे सही केली मी?”

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि भावांकडेही नव्हते, हे संध्याकाळी फोनवर स्पष्ट झाले. असा कोणताही दस्त झालेलाच नव्हता. घरात कोणीतरी कधीतरी तसे म्हटले होते आणि पुढे सगळे तेच धरून चालले होते.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगतो. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे लागू राहिली आणि तिच्यात मुलगी व मुलगा यांचा वारसा सारखाच होता; तिच्या जागी आलेल्या गोव्याच्या वारसा कायद्यातही तो तसाच आहे. त्यामुळे तीन भावंडांत या घराचा तिसरा वाटा आजींचा. हा हक्क तोंडी सोडता येत नाही. त्यासाठी विशेष नोटरीपुढे दस्त करावा लागतो. शिवाय आपल्याकडे वेगळा करार केलेला नसेल तर विवाहानंतर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते आणि वारशाने आलेलीही त्यातच मिळते. आजींचे यजमान हयात नाहीत, म्हणून त्यांच्या हिश्शापुरती दोन्ही मुले आणि त्या मुलांचे जोडीदारही आले. भाऊ आणि वहिनी मिळून 4 सह्या होतील असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात 9 हव्या होत्या. त्या उरलेल्या 5 सह्यांशिवाय खरेदीखत झाले असते तर आयुष्यभराची पुंजी घातलेले ते जोडपे या वयात दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या चढत बसले असते.

उताऱ्यावर आजींचे नाव का नव्हते, याचे मला आश्चर्य वाटत नाही. 1968 च्या जमीन महसूल संहितेनंतरच्या सर्वेक्षणात कसणाऱ्याचे आणि राहणाऱ्याचे नाव लागले, पुढे घरच्या पुरुषांनी अर्ज केला तशी नावे बदलली. हा उतारा म्हणजे मालकीचा कागद नव्हे, हे प्रत्येक वकील सांगतो आणि तरीही बाजारात व्यवहार त्याच्यावरच होतात. बोजा नसल्याच्या दाखल्यात आजी दिसणार नव्हत्या, कारण त्यांच्या हक्काची कधी नोंदणीच झालेली नव्हती. राहिली जाहीर नोटीस. आतल्या पानावर बारीक टाइपात छापलेला तो मजकूर डिचोलीतल्या वृद्ध बाईने वाचावा अशी अपेक्षा करणारी पद्धत खरोखर कोणाला शोधण्यासाठी आहे की शोधल्याचा पुरावा ठेवण्यासाठी, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही.

थोरल्या भावांनी मला दोष दिला. तुमची पाटी नसती तर दसऱ्यापर्यंत व्यवहार आटोपला असता, असे ते म्हणाले. आमच्याच धंद्यातल्या एकाने मला सहानुभूतीने तेच ऐकवले, आणि मला त्याचे शब्द भावांच्या शब्दांपेक्षा अधिक लागले. भाऊ दुष्ट नाहीत. बहिणीचा वाटा म्हणजे चतुर्थीचे ओझे, म्हणजे माहेराहून जाणारी भेट, आणि भाऊबिजेची ओवाळणी, एवढेच त्यांनी लहानपणापासून पाहिले. एजंटाला मात्र कायदा माहीत असतो. बनावट कागदांवर बळकावलेल्या जमिनींच्या तपासासाठी सरकारला 2022 मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले, त्या प्रकरणांत घरे आणि जमिनी बहुतेक अशाच होत्या: मालक दूर किंवा दिवंगत, वारस पांगलेले, आणि व्यवहाराची गावात कोणाला कुणकुण नाही. आमचे प्रकरण फसवणुकीचे नव्हते, पण आडोसा तोच होता.

आजींनी पैशाची गोष्ट त्या दिवशी काढलीच नाही. कुलूप उघडून आत नेल्यावर त्या राजांगणात उभ्या राहिल्या, ओली तुळई हाताने चाचपून पाहिली आणि, “विकायला माझी ना नाही, पण आधी हे शाकार,” असे म्हणाल्या. माझ्या विनंतीवरून धाकट्या भावांनी तो कोपरा आठवड्याभरात शाकारून घेतला आणि त्या निमित्ताने बहीणभाऊ बऱ्याच काळाने बोलले. आता न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे वारस आणि मालमत्ता नोंदवून वाटे ठरवण्याचा अर्ज, दाखल झाली आहे. वाटे ठरतील, 9 जणांची नावे कागदावर येतील, मगच खरेदीखत. ते जोडपे थांबायला तयार आहे. बयाणा मी घेऊ दिलेला नाही.

थोरल्यांनी पाटी काढण्याविषयी पुन्हा लिहिले आहे. इन्व्हेंटरी चालू आहे तोवर मी ‘विकणे आहे’ ही ओळ रंगाने झाकली आहे. सर्व्हे नंबर आणि फोन नंबर तसेच ठेवले आहेत, कारण कुळागराच्या खालच्या बाजूला एक जुनी झोपडी आहे आणि तिथे राहून गेलेल्या मुंडकाराचे, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे, कुटुंब अजून कोणी शोधलेले नाही.