राष्ट्रपती भवनातल्या 340 खोल्या आणि राजाजी

आम्ही ग्वाल्हेरची मंडळी शिंद्यांच्या जयविलास महालातली झुंबरं आणि जेवणाच्या टेबलावरची ती चांदीची रेल्वे बघतच मोठे झालो, त्यामुळे महालांचं अप्रूप तसं कमीच. पण राष्ट्रपती भवनाची एक गोष्ट मला खरंच फार भावते. 340 खोल्यांचा तो पसारा ब्रिटिश वास्तुविशारद ल्युटेन्सने व्हॉइसरॉयसाठी बांधला, 1929 ला पूर्ण झाला, आणि 1948 मध्ये राजाजी, म्हणजे सी. राजगोपालाचारी, गव्हर्नर जनरल म्हणून आले तेव्हा त्यांना त्या अवाढव्य खोल्यांत राहणं पटेचना, मग ते सरळ पाहुण्यांसाठीच्या लहान खोल्यांत राहायला गेले. पुढे राष्ट्रपतींनीही तेच चालू ठेवलं, आणि व्हॉइसरॉयच्या खोल्यांत आता परदेशी राष्ट्रप्रमुख उतरतात. केवढा मोठेपणा!

दरबार हॉलचं नाव 2024 पासून गणतंत्र मंडप झालंय, ते असो. बँक्वेट हॉल मात्र भारी, 104 जण बसतील असं एकच लांब टेबल, भिंतीवर माजी राष्ट्रपतींची चित्रं आणि त्यांच्यावर रंगीत दिवे, ते बघून वाढपी ठरवतात कधी वाढायचं नि कधी प्लेटा उचलायच्या, हाका नाहीत की खाणाखुणा नाहीत, एवढं शिस्तीत वाढणं मला तरी दुसरीकडे कुठे माहीत नाही.