ब्युरेटमधले दोन मिली

बी.एस्सी. झाल्यावर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागले. चौथ्या दिवशी सिनियर मॅडम म्हणाल्या, "परमँगनेट संपलंय, पॉइंट वन एन करून ठेव." एन म्हणजे नॉर्मल, द्रावणाची तीव्रता सांगायचं एक माप. कॉलेजात हे इतक्या वेळा केलं होतं की वही उघडायचीही गरज वाटली नाही. पोटॅशियम परमँगनेटचं रेणुभार १५८, त्याचा दहावा भाग १५.८ ग्रॅम, एक लिटर फ्लास्क, झालं.

द्रावण इतकं गडद की फ्लास्कच्या मानेवरची खूणसुद्धा दिसेना. तेव्हाच शंका यायला हवी होती.

मग टायट्रेशन, म्हणजे ब्युरेट या खुणांच्या नळीतून परमँगनेट थेंब थेंब सोडायचं आणि गुलाबी रंग टिकायला किती मिली लागले ते बघायचं. ०.१ नॉर्मल ऑक्झॅलिक ॲसिड १० मिली, त्यात विरल सल्फ्युरिक, साधारण ६०-७० अंशांपर्यंत गरम. पहिला थेंब पडला की गुलाबी रंग जायला वेळ लागतो, कारण अभिक्रियेला वेग देणारे मँगनीजचे आयन अजून तयार व्हायचे असतात. एकदा ते झाले की पुढचे थेंब पडता पडता विरतात. दोन्ही द्रावणं ०.१ नॉर्मल, म्हणजे दहाला दहाच मिली लागणार. मी आरामात वाट बघत होते, दहाच्या आसपास हात जपून चालवायचा असं मनात धरून. आणि दोन मिलीलाच फिका गुलाबी टिकला. पुन्हा केलं. पुन्हा दोन.

आधी ऑक्झॅलिक ॲसिडवर संशय घेतला, मग पिपेटवर. मॅडमनी बाटली उजेडात धरली आणि हसल्या. "अगं, एन सांगितलं होतं, एम नाही." एम म्हणजे मोलार, लिटरला रेणुभाराइतके ग्रॅम. एन म्हणजे लिटरला तुल्यभाराइतके ग्रॅम, आणि इथे तुल्यभार म्हणजे रेणुभार भागिले एक रेणू घेतो तेवढे इलेक्ट्रॉन.

आम्लाच्या माध्यमात परमँगनेटचा एक रेणू पाच इलेक्ट्रॉन घेतो. म्हणून त्याचा तुल्यभार १५८ भागिले ५, म्हणजे ३१.६. लिटरला हवे होते ३.१६ ग्रॅम. मी पाचपट घातलं होतं, म्हणून दहाच्या जागी दोन. गणित चोख होतं, फक्त दुसऱ्याच प्रश्नाचं. गंमत म्हणजे हेच द्रावण उदासीन माध्यमात वापरलं तर इलेक्ट्रॉन तीनच, मग त्याच बाटलीची नॉर्मलता वेगळी. मोलारिटी मात्र बाटलीत जे आहे तेवढंच सांगते, ते कशाबरोबर वापरणार हे विचारत नाही. आययूपीएसी ही रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना नॉर्मलता वापरू नका म्हणते ते याचमुळे. पण आमच्या लॅबच्या सगळ्या जुन्या पद्धती एनमध्येच लिहिलेल्या, त्या कोण बदलणार?

दुसऱ्यांदा नीट केलं. ३.२ ग्रॅम, पाण्यात उकळून रात्रभर ठेवलं, काचेच्या लोकरीतून गाळलं (फिल्टर पेपर चालत नाही, परमँगनेट कागदाशीच झटापट करतं), ब्राउन बाटलीत भरलं. रीडिंग १०.१, तिन्ही वेळा. रंग गडद म्हणून मेनिस्कसची, म्हणजे नळीतल्या द्रावणाच्या वक्र पातळीची, वरची कड वाचायची, हेही तेव्हाच लक्षात ठेवलं. लेबलवर ०.०९९० एन लिहिलं. नेमकं ०.१ येत नाही म्हणून वाईट वाटलं होतं. मॅडम म्हणाल्या, "नेमकं आलं असतं तर मी पुन्हा करायला लावलं असतं."

महिनाभरानं हायड्रोक्लोरिकने तसंच फसवलं. बाटलीवर ३७ टक्के. मी धरलं १०० मिलीत ३७ ग्रॅम, आणि लिटरभर १ नॉर्मलसाठी ९८.६ मिली घ्यायला निघाले. पण ते टक्के वजनाला वजन असतात, म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात ३७ ग्रॅम, आणि घनता १.१८. खरा आकडा साडेत्र्याऐंशी मिलीच्या आसपास. सलाइनचे ०.९ टक्के मात्र १०० मिलीला ०.९ ग्रॅम. टक्क्याचं चिन्ह एकच, कशाचे टक्के ते ज्याचं त्यानं ओळखायचं. यावेळी ओतण्याआधी विचारलं, एवढीच प्रगती.

पाण्याचा कठीणपणा त्या मानानं सुखाचा. ईडीटीए (धातूचे आयन पकडून ठेवणारं रसायन) ०.०१ मोलार, धातूच्या आयनाशी नेहमी एकास एक, त्यामुळे एन-एमचा घोळच नाही. ५० मिली पाणी, कोकम सरबतासारखा रंग जाऊन निळा झाला की थांबायचं, रीडिंग गुणिले २०. आमच्या बोअरचं १४.२ आलं, म्हणजे लिटरला २८४ मिलिग्रॅम. आणि हे सगळं 'कॅल्शियम कार्बोनेट म्हणून'. पाण्यात मॅग्नेशियम असलं तरी तेही कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात धरायचं. १०० रेणुभारामुळे आकडेमोड सोपी होते. पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) म्हणा नाहीतर मिलिग्रॅम प्रति लिटर, पाण्यासारख्या पातळ द्रावणात दोन्ही जवळपास एकच. मोलालिटी, म्हणजे किलोभर द्रावकामागे मोजलेली तीव्रता, जी परीक्षेला घोकून घोकून पाठ केली होती, ती तीन वर्षांत एकदाही लागलेली नाही.

परवा नवीन मुलगा आला. त्याला म्हटलं, परमँगनेट पॉइंट वन एन कर. त्यानं फोन काढून १५८ टाइप केलं. मी त्याच्याकडे बघत राहिले, मग म्हटलं, "थांब, वजन करण्याआधी मला एक सांग, कशाबरोबर टायट्रेट करणार आहेस?"