छत्तीस फुटांचा उतार

आमच्या मराठी विभागाचं दोन दिवसांचं राज्यस्तरीय चर्चासत्र ठरलं आणि नोंदणीचं काम माझ्याकडे आलं. गूगल फॉर्ममध्ये नाव, कॉलेज, निबंधाचा विषय एवढं झाल्यावर मी सहज एक प्रश्न वाढवला : ‘तुम्हाला इथे नीट सहभागी होता यावं म्हणून आम्ही काय करावं?’ वाटलं, लोक स्टेशनवरून गाडी मागतील. मागितलीच. पण चार उत्तरं अशी आली की पुढचा दीड महिना त्यांच्यातच गेला.

पहिलं एका दृष्टिहीन संशोधकाचं. ‘निबंधसार युनिकोडमध्ये पाठवा.’ म्हणजे कुठल्याही संगणकाला अक्षर अक्षर म्हणूनच कळेल अशा पद्धतीत. आमची पुस्तिका छापखान्यात श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये लागत होती. कागदावर सुंदर. पण अशा फॉन्टमध्ये पडद्यावर दिसतं मराठी, आणि आत साठलेलं असतं भलतंच. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ते वाचायला लागला की नुसता अक्षरांचा चिवडा ऐकू येतो. युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढलं तर रफारांनी जीव घेतला. ‘धर्म’चा ‘धमर्’, ‘कार्य’चा ‘कायर्’. तीन रात्री बसून हाताने दुरुस्त केले. मराठीच्या प्राध्यापिकेने मराठी किती वेळा नुसती दिसण्यापुरतीच लिहिली असेल, हा हिशेब तेव्हा पहिल्यांदा केला.

दुसरं दोन कर्णबधिर शिक्षकांचं. त्यांना सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा होता. आमच्या ओळखीत कुणी नव्हतं, पुण्याहून बोलवावे लागले, आणि एक नाही, दोन. कारण वीसेक मिनिटांनी हात आणि डोकं दोन्ही थकतात, मग आळीपाळीने करायचं. ‘मराठीतच खुणा करतील ना?’ असं एका सहकाऱ्यांनी विचारलं. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, ती हाताने बोललेली मराठी नाही, हे मलाही त्याच आठवड्यात कळलं होतं, म्हणून हसले नाही. दुभाष्यांनी निबंध आठ दिवस आधी मागितले. आमचे निबंधवाचक शेवटचं पान नाव पुकारल्यावर लिहितात! मिळाले तेवढे पाठवले.

तिसरं एका बाईंचं. त्यांना पाच महिन्यांचं बाळ होतं. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, तो चर्चासत्रात का नसावा? परीक्षा विभागाची केबिन रिकामी केली, आतून कडी लावून घेतली. एका दुपारचं काम.

चौथं उत्तर ज्यांचं होतं त्या दुसऱ्या दिवशीच्या सत्राच्या अध्यक्षच होत्या. व्हीलचेअर वापरतात. दारातल्या दोन पायऱ्यांसाठी सुताराने प्लायवूडचा रॅम्प केला, तो स्कूटर चढवायच्या फळीसारखा उभा. नियम एकास बारा : एक फूट चढायला बारा फूट लांबी. परत करून घेतला. मग लक्षात आलं, व्यासपीठ तीन फूट उंच आहे. म्हणजे छत्तीस फूट. सभागृहाची रुंदीच तीस.

‘चार मुलं उचलून वर ठेवतील, अर्ध्या मिनिटाचं काम,’ असं बैठकीत निघालं. मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘अहो, माझ्या पीएच.डी.चा सत्कार असाच झाला. फोटोत माझ्यापेक्षा उचलणारेच जास्त दिसतात.’

मग मी प्राचार्यांना म्हणाले, सर, बाई वर जात नसतील तर टेबलच खाली आणू या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची प्रत नेली होती, ती पिशवीतच राहिली. प्रश्न कायद्याचा नव्हता, पैशाचाही नव्हता. उद्घाटक आणि संस्थेचे अध्यक्ष श्रोत्यांच्या पातळीवर बसणार कसे, हा होता. दोन दिवस त्यावर खल झाला. शेवटी सरांनीच तोड काढली : पाहुण्यांना सांगायचं, वरचे पंखे बिघडलेत. मला ते आवडलं नाही. पण टेबल खाली आलं.

मागच्या रांगांना काही दिसेना, त्यांनी कुरकुर केली, आणि ती खरी होती. खुर्च्या अर्धगोलात मांडायला हव्या होत्या. त्याहून मोठी चूक पहिल्याच सत्रात झाली. पीपीटी सुरू झाली, कुणीतरी सवयीने दिवे घालवले आणि दुभाषी अंधारात गडप. त्या दोन शिक्षकांनी शांतपणे मोबाइलचे टॉर्च लावून त्यांच्या हातांवर धरले. वायरमनला शोधेपर्यंत सहा-सात मिनिटं सगळं सभागृह तो उजेड बघत होतं. दिव्यांग स्वच्छतागृहाचं तर सांगूच नये. आदल्या संध्याकाळी कुलूप तोडलं तेव्हा आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते.

दुसऱ्या दिवशी बाई रॅम्पवरून एकट्या आल्या. सत्र सव्वा तास लांबलं, कारण त्या कुणालाच वेळ पाळायला सांगेनात.

रॅम्प अजून दारात आहे. कँटीनचे सिलिंडर त्यावरूनच जातात. गेल्या आठवड्यात पाहुणे येणार म्हणून कुणीतरी त्यावर ओळीने कुंड्या मांडल्या होत्या. शिपाई मामांनी आणि मी त्या उचलून भिंतीशी ठेवल्या.