वरच्या लेन्सने बघितलेलं बेट आणि खालच्या लेन्सने काढलेलं

बोट धक्क्यावरून सुटली आणि दहा मिनिटांतच कळलं की हा कॅमेरा घेऊन समुद्रावर यायचं म्हणजे जरा डोकं फिरल्याचंच लक्षण. मान खाली घालून कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत बघतेय, क्षितिज एका बाजूला कललेलं दिसतंय, सरळ करायला जावं तर ते अजूनच कलतं, कारण काचेतलं चित्र डावं-उजवं उलटं असतं आणि हाताला हे काही केल्या पटत नाही. त्यात बोट स्वतःच डुलतेय. शेजारून एक होडी गेली, काचेत ती डावीकडे चालली होती म्हणून मी कॅमेरा डावीकडे वळवला आणि होडी दुप्पट वेगाने फ्रेमबाहेर पसार झाली. माझी मैत्रीण फोनवर तिचे वीसेक फोटो काढून मोकळी.

कॅमेरा म्हणजे याशिका मॅट १२४ जी, जुना, फिल्मवर चालणारा. १९७० मध्ये हे मॉडेल आलं आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं बनत राहिलं. वजन किलोच्या थोडं वर. पुढे एकाखाली एक अशा दोन लेन्स, दोन्ही ८० एमएमच्या. वरची फक्त बघायला. तिच्या मागे ४५ अंशात बसवलेला आरसा चित्र वरच्या काचेवर टाकतो. फोटो काढते ती खालची, शटरही तिच्यातच. फोकसचं चाक फिरवलं की दोघी एकत्र पुढेमागे होतात, बाकी त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. आणि या ट्रिपमध्ये माझं जे जे बिघडलं ते सगळं या दोघींच्या मधल्या चार-पाच सेंटीमीटरमध्ये बिघडलं.

जवळ पाच रोल होते. १२० फिल्मच्या एका रोलवर ६ बाय ६ सेंटीमीटरचे १२ फोटो, म्हणजे तीन दिवसांना मोजून ६०. उजेड मोजणारा मीटर हिशेबात धरलाच नाही, तो ज्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालायचा ती आता बनत नाही. उन्हात लेन्सचं छिद्र एफ/१६ एवढं बारीक आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओएवढा, म्हणजे १०० च्या फिल्मला साधारण १/१०० सेकंद, एवढं पाठ असलं की भागतं. फक्त ४०० ची फिल्म भरली की भर दुपारी एफ/१६ ला १/५०० लावावा लागतो आणि या कॅमेऱ्याचा शटर तिथेच संपतो, त्यामुळे छिद्र मोठं करून मागचं धूसर करायची हौस दुपारपुरती गुंडाळून ठेवायची. मी पाचातले तीन रोल ४०० चे आणले होते, शहाणपणा!

बेटावर उतरल्यावर पहिला रोल बदलला तो धक्क्यावरच, वाऱ्यात. रिकामं स्पूल खालून काढून वर लावायचं, नवा रोल खाली, कागदाचं टोक ओढून वरच्या स्पूलच्या फटीत सरकवायचं आणि कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेला लागेपर्यंत क्रँक फिरवायचा. घरी टेबलावर हे मिनिटाचं काम आहे. वाऱ्यात तो कागद पतंगाच्या शेपटीसारखा फडफडायला लागला, मी रोल अंगठ्याने दाबून धरलाय, मैत्रीण ओढणी आडवी धरून सावली करतेय. १२० हा आकार कोडॅकने १९०१ मध्ये आणला. तेव्हापासून किती जणांनी असा वाऱ्याला शिव्या देत रोल भरला असेल कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक आजोबा जाळं दुरुस्त करत बसलेले. विचारलं, काढू का फोटो? ते म्हणाले, काढ की, पण माझ्याकडे बघत का नाहीस? पोटाशी धरलेल्या डब्यात मान घालून उभी असलेली बाई बघून असं वाटणारच. व्हिव्हियन मायर या अमेरिकन फोटोग्राफरने रस्त्यावरच्या माणसांचे इतके फोटो रोलायफ्लेक्स या अशाच दोन लेन्सच्या कॅमेऱ्यावर काढले, त्यात या खाली घातलेल्या मानेचा किती हात असेल असं मला नेहमी वाटतं. डोळ्याला लावलेला कॅमेरा रोखल्यासारखा दिसतो, हा तसा दिसत नाही. बटण दाबलं, बारीक टिक झालं. आजोबा तसेच थांबलेले. "कधी काढणार?" म्हटलं झाला काढून. त्यांना काही ते खरं वाटलं नाही.

त्यांचा नातू येऊन काचेत डोकावला आणि ओरडला, "आजोबा डावखुरे झाले!" खरंच, काचेत सुई डाव्या हातात होती. मग तो पळत आजोबांपाशी जायचा, उजवा हात बघून यायचा, परत काचेत बघायचा. असं पाच-सहा वेळा. मी तेवढ्यात एक मीटरवरून आजोबांचा चेहरा घेतला, याहून जवळ हा कॅमेरा फोकसच करत नाही.

घाई तिथे नडली. एक मीटरवर फ्रेममध्ये जेमतेम साठ-पासष्ट सेंटीमीटरचा चौकोन मावतो आणि खालची लेन्स त्यातले चार-पाच सेंटीमीटर खाली बघत असते. वरच्या काचेत डोक्यावर छान जागा सोडलेली, फिल्मवर टोपी अर्धी कापलेली. उपाय सोपा आहे, फ्रेम जुळवली की क्लिक करण्याआधी कॅमेरा दोन लेन्समधल्या अंतराएवढा वर उचलायचा, म्हणजे खालची वरचीच्या जागी येते. मला हे पाठ आहे. आजोबांसमोर आठवलं नाही इतकंच.

शेवटची संध्याकाळ दीपगृहाखालच्या कठड्यावर. ट्रायपॉड नव्हता म्हणून कॅमेरा दगडावर ठेवला, केबल रिलीज लावली, म्हणजे बटण लांबून दाबायची तार, १०० ची फिल्म, एफ/११, बल्बवर, म्हणजे दाबून धरू तेवढा वेळ शटर उघडं, आठ सेकंद, मग पंधरा, मग तीस. काचेत दीपगृह, त्यामागे जांभळं होत गेलेलं आभाळ, पाण्यावर एकच दिवा. एवढं सुंदर मी त्या काचेत कधीच बघितलं नव्हतं. भिंग वर काढून चार-चारदा फोकस तपासला. शेवटचे चार फोटो त्यावर घालवले आणि अंधारातच रोल गुंडाळून, कागदी पट्टी जिभेने ओली करून चिकटवली.

दोन आठवड्यांनी निगेटिव्ह धुतल्या. उजेडावर धरल्या तर नवव्यापासून बाराव्यापर्यंत दीपगृहाच्या बरोबर मधून एक जाड, धूसर, पांढरट पट्टा गेलेला. आधी वाटलं केमिकल नीट लागलं नाही. मग पट्ट्याची कड थोडी वळलेली दिसली. कॅमेऱ्याचा गळ्यातला पट्टा! कठड्यावर ठेवताना तो पुढे लोंबत राहिला, बरोबर खालच्या लेन्ससमोर, आणि मी वरच्या लेन्समधून आभाळ बघत बसले होते.

अर्ध्या टोपीचे आजोबा मात्र मोठे प्रिंट करून पाठवलेत. प्रिंटमध्ये सुई उजव्या हातात आहे, नातवाने ते तपासून बघितलं असणार.